माळ्याची आतली वाट

घराची योग्यता दर्शनी दारावरून ठरविण्याचा प्रघात फार जुना आहे. उंबऱ्यापुढची रांगोळी, चौकटीच्या माथ्यावरचा गणपती आणि ओटीवरचा झोपाळा एवढे पाहून पाहुणा त्या घराविषयी आपले मत बनवितो व निघून जातो. परंतु घरात राहणाऱ्यांचा संसार बाहेरच्या दारापेक्षा आतल्या दारांवर अधिक अवलंबून असतो. कोठीच्या खोलीची कडी कोणाच्या हाताशी येते, स्वयंपाकघरातून विहिरीकडे जावयास किती पावले पडतात, आजाऱ्याच्या खाटेवरून देवघरातील समई दिसते की नाही, या गोष्टी पाहुण्यास दिसत नाहीत. पण घरातील माणसांचे सुखदुःख पुष्कळ अंशी त्यांवरच ठरते. आम्ही पस्तीस वर्षे शाळेत मुलांस संधी आणि समास शिकविण्यात घालविली. घरबांधणीच्या शास्त्रात आमचा अधिकार नाही. तथापि आमच्या घरात काही वर्षांपूर्वी एक नवे दार झाले, तेही भिंतीत नव्हे तर डोक्यावरच्या कडीपाटात, आणि त्या एका दाराने घरातील व्यवहार इतका पालटला की त्याची हकीकत वाचकांपुढे ठेवावी असे वाटले. म्हणून हा लेखप्रपंच.

आधी शब्दाचा विचार करू, कारण मास्तरांची खोड निवृत्तीनंतरही जात नाही. आपण ज्यास माळा म्हणतो त्यास इंग्रजीत ‘अ‍ॅटिक’ म्हणतात. संस्कृत शिकलेल्यास हा शब्द कानी पडताच ‘अट्ट’ आणि ‘अट्टालक’ आठवतात. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तटावरच्या बुरुजांस अट्टालक म्हटले आहे. तेव्हा या दोहोंचे नाते जोडून मोकळे व्हावे असा मोह होतो. पण तो आवरलाच पाहिजे. इंग्रजी शब्द ग्रीस देशातील अ‍ॅटिका प्रांताच्या नावावरून आलेला आहे. इमारतीच्या दर्शनी भागावर तेथील धर्तीचे खांब काढून जो लहानसा मजला चढवीत, त्यास हे नाव पडले, आणि पुढे ते छपराखालच्या कोणत्याही खोलीस चिकटले. म्हणजे दोन शब्द सारखे दिसले तरी त्यांच्यात नाते असतेच असे नाही. त्याचप्रमाणे दोन जागा एकाच छपराखाली असल्या तरी एकीतून दुसरीत जावयास वाट असतेच असेही नाही. आमच्या घरी ती नव्हती.

आमचे घर रत्नागिरी जिल्ह्यात, दापोली तालुक्यात आहे. आमच्या आजोबांनी ते १९२८ साली बांधले. पुढे ओटी, मध्ये माजघर, माजघराच्या एका अंगास देवघर व दुसऱ्या अंगास कोठीची खोली, आणि मागे स्वयंपाकघर व पडवी, असा कोकणातील सर्वसाधारण घरासारखा त्याचा थाट आहे. भिंती जांभ्या दगडाच्या आहेत. वर कडीपाट आहे, म्हणजे ऐनाच्या कड्या आणि त्यांवर फणसाच्या फळ्या. आणि त्यावर मंगळुरी कौलांचे दुपाखी छप्पर. ही कौले रिपांवर नुसती अडकवून ठेवलेली असतात व स्वतःच्या वजनानेच जागच्या जागी राहतात. बाझेल मिशनने मंगळुरास १८६५ साली कौलांचा कारखाना काढल्यापासून त्यांचा प्रसार पश्चिम किनाऱ्यावर सर्वत्र झाला. कडीपाट आणि छप्पर यांच्या मधली जी पोकळी, तोच आमचा माळा. मध्यभागी आढ्याखाली उंच माणूस सहज उभा राहतो. दोन्ही कडांस मात्र बसल्या बसल्या डोके वाशास लागते.

या माळ्यावर जाण्याचे दार मागील अंगणाच्या बाजूस, छपराखालच्या त्रिकोणी भिंतीत होते. अंगणातून बांबूची शिडी लावावी, वर चढून एका हाताने शिडी धरावी व दुसऱ्या हाताने कडी काढावी, असा परिपाठ. आजोबांनी अशी व्यवस्था का केली, हे त्या काळचा व्यवहार लक्षात घेतला म्हणजे सहज उमगते. तेव्हा माळ्यावर जळण, पेंढा, नारळ आणि सुपारी असे. हा माल बागेतून व शेतातून येई आणि गड्यांच्या डोक्यावरून परस्पर वर जाई. ओझी घेतलेल्या गड्यांची ये-जा माजघरातून व देवघरासमोरून कशास हवी? माल बाहेरचा, तो उचलणारी माणसे बाहेरची, म्हणून वाटही बाहेरची. त्या काळच्या हिशेबाने ते शहाणपणाचेच होते.

परंतु माल पालटला आणि वाट तीच राहिली. शेती खंडाने गेली, गडी मुंबईस गेले, जळणाच्या जागी गॅस आला. मोकळ्या झालेल्या माळ्यावर घरातील वस्तू चढू लागल्या. तांब्याचे हंडे, घंगाळी, लग्नकार्यातील मोठी पातेली, गणपतीचे मखर, आमच्या सर्व भावंडांस झोपविलेला पाळणा, रुमालात बांधलेल्या पोथ्या, जुनी पंचांगे, ‘मनोरंजन’ मासिकाचे वाळवीने अर्धे खाल्लेले अंक, आणि पत्र्याच्या ट्रंका. ज्या वस्तू टाकवत नाहीत आणि वापरातही नाहीत, त्या साऱ्यांस माळा हे एकच उत्तर होते. अशा रीतीने घराची अर्धी स्मृती वर गेली आणि तिच्याकडे जाण्याचा रस्ता मात्र घराबाहेरून राहिला.

याचे दोन परिणाम झाले. पहिला ऋतूचा. आमच्या बाजूस वर्षाकाठी तीन हजार मिलीमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि तो वाऱ्याबरोबर आडवा येतो. म्हणून मृगापूर्वी त्या त्रिकोणी भिंतीवर नारळाच्या झापांची झड बांधावी लागते. झड बांधली की माळ्याचे दार झाकले जाई, ते पाऊस संपून झड उतरेपर्यंत. वर्षातील चार महिने, म्हणजे कौल सरकण्याची भीती सर्वांत अधिक असे नेमके तेच चार महिने, माळा आम्हांस परका होई.

दुसरा परिणाम माणसांचा, आणि तो अधिक खोल होता. उघड्या अंगणात, वाटेवरून जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या देखत, लुगडे सावरीत बारा-तेरा फुटांची शिडी चढणे आमच्या घरातील कोणाही स्त्रीस प्रशस्त वाटले नाही, व कोणी तिला तसे सुचविलेही नाही. परिणामी आमची आजी, आमची आई, आमच्या वहिनी आणि आमचे कुटुंब यांपैकी एकीनेही माळा कधी पाहिला नव्हता. वस्तू मात्र बहुतेक त्यांच्याच. एखादे पातेले हवे झाले म्हणजे वहिनी शिडीच्या पायथ्याशी उभ्या राहून वर गेलेल्यास सांगत, “डाव्या हाताच्या घंगाळामागे पाहा, त्यात नसेल तर पाळण्याखाली असेल.” आणि पातेले तेथेच सापडे. काशीस न गेलेल्याने पंचगंगा घाटाच्या पायऱ्या मोजून सांगाव्यात, तसा हा प्रकार होता. सारे घर त्यांच्या या स्मरणशक्तीचे कौतुक करी. त्या कौतुकात एक गोष्ट झाकली जाई, ती ही की ज्या जागेचा नकाशा त्यांस मुखोद्गत होता ती जागा त्यांनी डोळ्यांनी पाहिलेली नव्हती.

आमच्या वहिनी १९७७ साली या घरात आल्या. लग्नापूर्वी पुण्यास त्यांनी कला शाखेच्या दुसऱ्या वर्षापर्यंत संस्कृत घेऊन शिक्षण केले होते. येताना त्यांनी एक पत्र्याची ट्रंक आणली. तीत त्यांच्या वह्या होत्या आणि वामन शिवराम आपटे यांचा संस्कृत-इंग्रजी कोश होता. घरात माणसे फार व जागा थोडी. ट्रंक कोपरा अडवू लागली, तेव्हा ती ‘काही दिवसांपुरती’ माळ्यावर ठेवण्यात आली. एकत्र कुटुंबात ‘काही दिवसांपुरती’ या शब्दांची व्याप्ती किती असते हे वाचकांस सांगावयास नको. मुले झाली, सासूसासऱ्यांची आजारपणे झाली, दिरांची लग्ने झाली. ट्रंक हवी असे वहिनींनी म्हणावे, तर कोणासतरी शिडी लावावी लागणार, आणि वरून आणल्यावर ती ठेवावयाची कोठे, हा प्रश्न होताच. म्हणून त्यांनी कधी म्हटले नाही.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले. वटपौर्णिमा दोन दिवसांवर होती. वादळाने दुपारी श्रीवर्धनच्या बाजूस किनारा गाठला, आणि आमचा दापोली तालुका व शेजारचा मंडणगड यांस त्याचा मोठा तडाखा बसला. माड आणि पोफळी मोडून पडत होत्या त्यांचे आवाज एकामागून एक येत होते. आम्ही सर्व मंडळी माजघरात एकत्र बसलो होतो. मागची झड पहिल्या तासातच उडून गेली. मग छपरावरची कौले उडू लागली. आधी एकेक, नंतर रांगेने. थोड्याच वेळात कडीपाटाच्या फटींतून पाणी ठिबकू लागले. वर किती कौले गेली व पाणी कशावर पडत आहे हे पाहावयास जाणार कोण आणि कोठून? डोक्यावर आठ फुटांवर माळा होता, आणि त्याची वाट त्या वादळातून, उघड्या अंगणातून, बांबूच्या शिडीने जात होती. पुतण्या उठला, त्यास दादांनी हात धरून खाली बसविले, आणि ते योग्यच झाले. त्या वेळी वहिनी एवढेच म्हणाल्या, “माझी ट्रंक आढ्याखाली आहे.” त्यांच्या तोंडून त्रेचाळीस वर्षांत त्या ट्रंकेचा उल्लेख बहुधा प्रथमच निघाला असावा.

दोन दिवसांनी वाटेवरची झाडे तोडून झाल्यावर ट्रंक खाली उतरविली. तळाचा पत्रा गंजला होता आणि आत पाणी शिरले होते. कोश फुगून दुप्पट झाला होता. त्यास उन्हात न टाकता, उभा ठेवून, पानांमध्ये टीपकागद व कोरे कागद घालीत आणि ते रोज बदलीत सावलीच्या वाऱ्यावर वाळविले. भिजलेल्या पुस्तकास हाच उपाय चांगला. उन्हात कागद वेडावाकडा होतो. वीज कित्येक दिवस नव्हती, म्हणून नातींनी पाळीपाळीने पंख्याने वारा घातला. कोश वाचला. वह्या मात्र वाचल्या नाहीत. शाई पसरून पानेच्या पाने निळी झाली होती. वहिनींनी त्या वह्या उघडून पाहिल्या, पुन्हा मिटल्या, आणि त्या दिवशीचा स्वयंपाक नेहमीच्याच वेळी केला.

पाऊस सरल्यावर आश्विनात आम्ही दादांपाशी विषय काढला की माजघरातून माळ्यावर जावयास आतून वाट करावी. दादा आमचे वडील बंधू, घराचे कर्ते. त्यांच्या शंका तीन होत्या, आणि एकही क्षुल्लक नव्हती. पहिली, वाट करावयाची तर कडी कापावी लागेल. ब्याण्णव वर्षे भार वाहणाऱ्या कडीस करवत लावल्यास घर खचणार नाही कशावरून? दुसरी, माळ्यावरचे उंदीर, धूळ आणि कांडेचोर आतल्या वाटेने खाली उतरतील. तिसरी, वैशाखात तापलेल्या कौलांखालची धग माजघरात येईल. आम्ही आमच्या शास्त्राचा आधार घेऊन म्हटले, “दादा, व्याकरणात आदेश आणि आगम असे दोन प्रकार आहेत. आदेश आला की मूळ वर्णास उठून जावे लागते. आगम आला तर मूळ वर्ण जागेवर राहतो व नवा शेजारी येऊन बसतो. ही झडप आगम समजा.” दादा पोस्टात नोकरी केलेले, हिशेबी गृहस्थ. ते म्हणाले, “कडी कापणार ना? मग हा आदेशच झाला.” वादात आमचा पराभव झाला व आठ दिवस विषय तेथेच राहिला. नवव्या दिवशी जेवणे झाल्यावर वहिनी पानसुपारीचे तबक दादांपुढे ठेवीत म्हणाल्या, “मला एकदा वर जाऊन पाहायचं आहे.” दादा काही बोलले नाहीत. दुसरे दिवशी सकाळी त्यांनी स्वतः निरोप धाडून सुतारास बोलाविले.

आता प्रत्यक्ष काम कसे झाले ते सांगतो, कारण ज्यांच्या घरी असा माळा असेल त्यांस त्याचा उपयोग होईल. प्रथम जागेचा निर्णय. देवघरावर नको, कारण देवांच्या डोक्यावरून पावले पडू नयेत हे सर्वांसच मान्य. स्वयंपाकघरावर नको, कारण वाफ आणि धूर वर चढून माळ्यावरच्या वस्तू खराब करतील, शिवाय चुलीच्या माथ्यावर उघडी वाट असणे आगीच्या दृष्टीनेही वाईट. ओटीवर केली तर ती पुन्हा बाहेरच्यांच्या नजरेखाली. राहिले माजघर, आणि सुदैवाने छपराचे आढे माजघराच्याच मध्यावरून जाते, म्हणजे वर पोहोचताच डोके वाशास न लागता माणूस सरळ उभा राहतो. झडप कोठे करावी याचा विचार करताना खालची सोय पाहतात, पण वर डोक्यास जागा किती आहे हे आधी पाहावे, असे सुतारांनी सांगितले. कोठीच्या खोलीच्या भिंतीलगतची जागा ठरली. घराची मुख्य तुळई तेथून लांब होती. तिला हात लावण्याचा प्रश्नच नव्हता.

मग माप. आमच्या कड्या चार इंच रुंद असून दोन कड्यांमध्ये एक फूट मोकळी जागा आहे. एवढ्या जागेतून मांजर जाईल, माणूस नव्हे. एक कडी कापली म्हणजे बारा, चार व बारा मिळून अठ्ठावीस इंच रुंदी मिळते, आणि ती पुरे होते. लांबी तीन फूट ठेवली. दादांच्या पहिल्या शंकेचे उत्तर सुतारांनी बोलून न देता करून दाखविले. कापावयाच्या कडीस दोन्ही बाजूंनी आधी खालून टेकू दिले. दोहो बाजूंच्या शेजारच्या कड्यांस तेवढ्याच उंचीची एकेक नवी कडी बाहेरून जोडून त्या दुहेरी केल्या. मग कडी कापून तिची दोन्ही टोके नव्या आडव्या कड्यांत बसविली, आणि त्या आडव्या कड्या दुहेरी केलेल्या कड्यांत खोबणी करून अडकविल्या व लोखंडी पट्ट्यांनी आवळल्या. अशा रीतीने कापलेल्या कडीचा भार दोहोंकडच्या शेजाऱ्यांनी वाटून घेतला. सर्व पक्के झाल्यावरच टेकू काढले. लाकूडही घरचेच, मोडलेल्या गोठ्यातील जुन्या ऐनाचे. जुने लाकूड पुरते वाळलेले असल्याने आकसत नाही. टेकू निघाल्यावर दादांनी वर पाहिले, ओळंबा धरून पाहिला, आणि आमच्याकडे वळून म्हणाले, “आदेशच झाला, पण शेजारी चांगले होते.” एकत्र कुटुंबाचे याहून थोडक्यात वर्णन आम्हांस माहीत नाही.

दुसऱ्या व तिसऱ्या शंकेसाठी झडप दुहेरी फळ्यांची केली व चौकटीस कापडाची पट्टी ठोकली, म्हणजे बंद केल्यावर फट राहत नाही. त्यामुळे उंदीरही येत नाही आणि धगही उतरत नाही. झडप जड झाली, म्हणून दोरी व कप्पी लावून दुसऱ्या टोकास वाळूची पिशवी बांधली. आता दहा वर्षांची मुलगीही ती एका हाताने उचलते. कडी खालून व वरून अशी दोन्हीकडून निघेल अशी केली, कारण वर गेलेल्यावर कोणी नकळत झडप लावली तर त्यास आतून उघडता आली पाहिजे. माळ्यावर झडपेच्या तिन्ही बाजूंस गुडघ्याच्या वर येईल असा कठडा केला. दिव्याची तार नळीतून नेऊन तिचे बटण खाली माजघरातच ठेवले. जड भांडी भिंतींलगत सरकविली, म्हणजे कड्यांच्या मध्यावर भार येत नाही.

सर्वांत अधिक खल झाला तो दादराविषयी. पुतण्याचे म्हणणे होते की घडीची हलकी शिडी बाजारात मिळते, ती आणावी. भिंतीस टेकावयाची शिडी चार फूट उंचीस एक फूट पायथा या मापाने लावतात. ते माप तरण्या माणसास ठीक. साठी उलटलेल्या स्त्रीस, हातात वस्तू घेऊन, ते फार उभे होते. म्हणून कायमचा लाकडी दादर करावयाचे ठरले. माजघराची उंची साडेआठ फूट. साडेआठ इंचांचा एकेक चढ धरून बरोबर बारा चढ झाले, व तीन फुटांत दादर मावला. पायऱ्या रुंद फळीच्या व दोन्ही बाजूंस हाताशी कठडा. पहिल्या पायरीचे माप घेताना सुतारांनी विचारले, “कोणाच्या पायाने धरू?” तेव्हा दादांनी वहिनींस हाक मारली.

तुळशीचे लग्न होऊन काम सुरू झाले आणि मार्गशीर्षात संपले. वहिनी प्रथम वर गेल्या त्या वेळी कोणी समारंभ केला नाही. त्या बारा चढ चढून गेल्या, मधोमध उभ्या राहिल्या आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग वरून आवाज आला, “भाऊजी, पाळणा मी समजत होते त्याच्या उलट बाजूला आहे हो!” नंतर सूनबाई गेली, मग आमचे कुटुंब. तिघी मिळून दोन तास वर होत्या. खाली आल्या तेव्हा त्यांच्यापाशी आमच्या आईची हळदीकुंकवाची पितळी करंडी होती. ती हरवली असे आम्ही पंचवीस वर्षे मानीत होतो. ती हरवली नव्हती; जी माणसे वर जात त्यांस ती ओळखू आली नव्हती, आणि जिला ओळखू आली असती ती वर जात नव्हती.

१६ मे २०२१ रोजी, अक्षय्य तृतीयेनंतर दोन दिवसांनी, तौक्ते चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यालगत समुद्रातून उत्तरेकडे गेले. वारा पुष्कळ होता, काही कौले सरकली. या खेपेस वहिनी व नात कंदील नव्हे तर विजेरी घेऊन आतूनच वर गेल्या. गळतीखाली हंडे आणि घंगाळी मांडली, पोथ्यांचे रुमाल कोरड्या बाजूस ओढले, आणि पुतण्याने हातास येतील ती कौले आतूनच सारून बसविली. कोणास अंगणात पाऊल टाकावे लागले नाही. माजघरात बसलेले दादा वर पाहून दर थोड्या वेळाने विचारीत, “काय दिसतंय?” आणि वहिनी वरून सांगत. आजवर त्या खालून सांगत व दुसरे कोणी वर शोधी. त्या दिवशी हा क्रम उलटला.

आता माळ्यावरच्या वस्तूंची एक यादी वहिनींच्या अक्षरात झडपेच्या आतल्या बाजूस चिकटविलेली आहे. वाळवीची पाहणी दर महिन्यास होते, कारण वर जाणे हा आता खटाटोप राहिलेला नाही. भांड्यांपैकी निम्मी कार्यास देण्याघेण्यात पुन्हा वापरात आली. कोश मात्र पुन्हा वर गेला नाही. तो माजघरातल्या फडताळात आहे. त्याची पाने लाटांसारखी वाकलेली आहेत आणि तो मिटत नाही. पण शब्द शोधावयास त्याने काही बिघडत नाही. संध्याकाळी नात त्यातून शब्द काढते आणि वहिनी धातू सांगतात. आम्ही शेजारीच बसलेलो असतो, पण विचारल्याखेरीज तोंड घालीत नाही.

जुनी घरे पुष्कळ ठिकाणी पाडली जात आहेत, आणि जी उभी आहेत त्यांतही माळ्यावर जावयास बाहेरचीच वाट असलेली थोडी नसतील. ज्यांस ती आत आणावयाची असेल त्यांनी पावसापूर्वी घाई करू नये. पाऊस संपून लाकूड कोरडे झाल्यावर काम काढावे, जाणत्या सुताराकडून कड्या तपासून घ्याव्यात, आणि टेकू दिल्यावाचून एकाही कडीस करवत लावू देऊ नये. परंतु त्याही आधी घरातील सर्वांस एकत्र बसवून विचारावे की ही जागा आजवर कोणी पाहिलेली नाही. ज्या माणसाचे नाव निघेल, त्याच्या पायाच्या मापाने पहिली पायरी करावी. पुढचे काम सुतार जाणतो.